लक्ष्मीची डावी भुवई

मंगळवार, ४ फेब्रुवारी
पुतणीचा फोन! "काकू, आईला नव्या घरात लावायला लक्ष्मी हवीय. तू काढलेली. पेन्सिल-कोळशातलीच, रंगबिंग नकोत म्हणाली." मी दोनदा विचारलं – तुझीच आई ना? जाऊबाईंनी चार वर्षांत माझं नावसुद्धा घेतलेलं नाही, आणि आता थेट लक्ष्मी! हो म्हणून टाकलं. तेवीस तारखेला, रविवारी, त्यांनी सगळ्यांना नवं घर बघायला बोलावलंय. म्हणजे एकोणीस दिवस. हे म्हणाले, "अगं, आधी श्वास घे." दिवसभर एक्स-रेच्या खोलीत मी लोकांना "श्वास रोखा" सांगते, आज माझाच रोखला गेला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
जाड कागद आणला. पेन्सिलीने हलकी आखणी केली – उभी लक्ष्मी, चार हात, दोन कमळं. हात पटकन जमले. जमणारच, रोज वीस-पंचवीस हातांची हाडं बघते मी. कमळं मात्र कोबीसारखी आली! खोडली, पुन्हा काढली. पुन्हा कोबी.

रविवार, ९ फेब्रुवारी
आज चेहरा. कोळसा बोटाने हळूहळू पसरवत गालांना गोलाई आणली. उतरली छान, पण कडक दिसते. काही द्यायला आलेली वाटत नाही, घर तपासायला आल्यासारखी वाटते.

खोडरबर उचललं आणि थांबले. हात, कमळं, मुकुट मी बिनधास्त खोडते. देवाचं तोंड खोडायला हात धजत नाही. बावळटपणा आहे, मलाही कळतं. मग काय, नवा कागद घेतला.

बुधवार, १२ फेब्रुवारी
दुसरीही कडक.

शनिवार, १५ फेब्रुवारी
तिसरी आणि चौथी, दोघी तशाच! टाकून तर देववत नाहीत. सगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवल्यात. हे म्हणतात, "चार-चार लक्ष्म्या घरात, तरी पंखा जुनाच!" ह्यांना चेष्टा सुचतेय. माझं नाक काळं झालंय आणि जीव टांगणीला लागलाय.

का, ते लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय! सासूबाई गेल्या त्या दुपारी त्यांच्यापाशी बसायची पाळी जाऊबाईंची होती. मी खालच्या मजल्यावरची एक्स-रेची ड्युटी संपवून वर वॉर्डात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "कधी गेल्या, कळलंच नाही गं." आणि मी, सगळ्यांच्या देखत – "झोपला होतात का?" आणि तशीच पुढे सासूबाईंपाशी गेले. तेव्हापासून बोलणं बंद. इतक्या दिवसांच्या जागरणाने डोळा लागला असेल बिचारीचा, हे मला पुढच्याच आठवड्यात कळलं होतं. पण आधी मी का बोलू, यात चार वर्षं घालवली. आता त्यांनीच हात पुढे केलाय. ही लक्ष्मी नीट झालीच पाहिजे.

सोमवार, १७ फेब्रुवारी
प्लंबर स्वयंपाकघरातला नळ बघायला आला होता. टेबलावर पाचवी लक्ष्मी. तो पाना हातात घेऊन बघतच राहिला. "ताई, आजी भारी जमल्यात हो! पण चार हात कशाला?"

कोण आजी?

"अहो, तुमच्या सासूबाई! एकच नळ मला तीनदा बोलावून घट्ट करायला लावला होता त्यांनी. हीच भुवई वर करून!"

मी पाहिलं. डावी भुवई, किंचित वर. ती भुवई वर गेली की बावीस वर्षं मी पोळी पुन्हा लाटली, पडदे पुन्हा धुतले! कपाटावरच्या चौघी धावत जाऊन उलगडल्या. पाचही कागदांवर सासूबाई!! नळ ठीक झाला.

गुरुवार, २० फेब्रुवारी
हा चेहरा जाऊबाईंच्या भिंतीवर? मुद्दाम केलं म्हणतील. चार वर्षांपूर्वीचा टोमणा आता काच बसवून आणलाय म्हणतील! आणि मग जन्मात बोलायच्या नाहीत.

सहाव्या कागदावर भुवई खाली घेतली. लक्ष्मी एकदम गोड झाली आणि दुकानातल्या पुतळीसारखी दिसायला लागली. ह्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. "आईच ने," म्हणाले. "ही दुसरी कुणाचीच कुणी नाही." मी भडकले. तुमची आई मेल्यावरसुद्धा मला शांतपणे चित्र काढू देत नाही, असं म्हणून बसले. एक क्षण भीती वाटली, फार बोलले का? तर हे पोट धरून हसतायत! मग मीही हसले. खूप दिवसांनी आईंचा विषय निघाला, तोही हसून.

शनिवार, २२ फेब्रुवारी
पाचवीच नेणार. कोळसा निघू नये म्हणून फवारा मारला, फ्रेमवाल्याकडून काच बसवून आणली. त्याने विचारलं, "घरातल्या का?" मी हो म्हणाले. रागावल्या तर रागावल्या, पण खोटी लक्ष्मी नको द्यायला. "जाऊबाई, मी मुद्दाम नाही हो केलं" – एवढंच वाक्य सकाळपासून पाठ करतेय.

रविवार, २३ फेब्रुवारी
वाक्य तोंडातच राहिलं. फ्रेमवरचा कागद सोडला मात्र, जाऊबाई खुर्चीतून ताडकन उठून उभ्या राहिल्या. माझ्याशी नाही, चित्राशी बोलल्या – "नव्हते हो झोपले मी, आई. तुम्हीच म्हणालात ना, सकाळपासून बसलीयस, जा, घोटभर चहा घेऊन ये?"

चार वर्षं! मी प्रश्न विचारला होता, उत्तराला थांबलेच नव्हते.

त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वयंपाकघरात शिरून चहा टाकला. नवं घर, त्यात डोळे भरलेले, एक डबा सापडेल तर शपथ! बाहेरून हाक आली, "साखर खालच्या फळीवर आहे गं!"