तोंड वाकडं

६ जानेवारी, सोमवार
कॉलेजात आरोग्य सप्ताह. प्राचार्यांनी कोऑर्डिनेटर मलाच केलं. दुसरं आहे कोण म्हणा. तुकोगंजातल्या एका डॉक्टरांचं लेक्चर ठेवलं, विषय स्ट्रोक, म्हणजे आपला पक्षाघात. बरे बोलले. तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, की तडक हॉस्पिटल. घरी झोपवून वाट पाहायची नाही. आणि त्रास कधी सुरू झाला ते सांगता आलं पाहिजे. आभार मी मानले. थोडे लांबले. थकलो.
बीपी मला आहेच. आजपासून संकल्प: गोळी रोज, मीठ कमी, तंबाखू बंद, सकाळी फिरणं. शारदाला सांगितलं. ती म्हणाली, बरं.

९ जानेवारी, गुरुवार
फिरायला थंडी फार. डॉक्टरच म्हणाले होते, थंडीत बीपी चढतं. म्हणजे न जाणं हे औषधच झालं.
शारदाने सगळ्या घराचंच मीठ कमी केलं. पोहे पुठ्ठ्यासारखे. वरून सेव घेतली, जरा जास्त. ती बघत होती. तिला म्हटलं, सेवेचं मीठ मोजायला लागलो तर इंदूर सोडावं लागेल. हसली नाही.

१३ जानेवारी, सोमवार
नवी सवय. दाढी करताना आरशासमोर हसून बघतो, ओठ दोन्हीकडे सारखे जातात की नाही. मग दोन्ही हात वर. मग मोठ्याने कच्चा पापड पक्का पापड. आज तिन्हीत पास. शारदा स्वयंपाकघरातून म्हणाली, हळू बोला, माझं डोकं ठणकतंय. तब्येतीची कदर एकट्या माणसाने किती करायची?
गोळी संपली. केमिस्टपर्यंत जायचा कंटाळा. तसंही आरशात सगळं ठीक आहे.

१९ जानेवारी, रविवार
खालच्या फ्लॅटमधल्या चारुलताबाईंकडे हळदीकुंकू. यंदा वाण म्हणून मंडळाने बायकांचं बीपी मोजलं म्हणे. काय एकेक. शारदा परत येऊन सांगू लागली, अहो, माझं वरचं एकशे ऐंशी निघालं, चारुलता म्हणते उद्याच दाखव. मी म्हटलं, जिना चढलीस, तिळगूळ खाल्लास, बायकांचा कलकलाट, मशीन तरी काय करेल? फेब्रुवारीत माझी अपॉइंटमेंट घेऊ, तेव्हा तुलाही दाखवू. एका फेरीत दोन कामं. ती परत म्हणाली, बरं. समजूतदार आहे.

२ फेब्रुवारी, रविवार
अपॉइंटमेंट राहिली. सबमिशन, व्हायवा, प्राचार्य. माणूस किती ठिकाणी पुरणार? तंबाखू मात्र निम्म्यावर. म्हणजे घरी बंद.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी आठनंतर
शारदा रागावली आहे. काल दोस्त प्रतापरावांबरोबर बाहेर कचोरी खाल्ली, ते कळलं असणार. उठली तेव्हा नीट होती, चहाला हाकही मारली. मग पोहे वाढताना हातातला झारा आपटला. काय झालं विचारलं तर काहीतरी पुटपुटली, एक शब्द कळला नाही. मुद्दाम. आता तोंड वाकडं करून खुर्चीत बसली आहे. उजवा हात मांडीवर टाकलेला. पाणी मागितलं तर उठलीही नाही. एवढा राग? कचोरी एकच होती.
हा अबोला मला झेपत नाही. प्रतापरावांनी बेटम्याला शेतावर दाल-बाटीला बोलावलंय. ते गाडी घेऊन खाली आलेत, हॉर्न देतायत. संध्याकाळपर्यंत निवळेल.

१० फेब्रुवारी, सोमवार
हॉस्पिटल. बाकावर बसून लिहितोय.
राग नव्हता.
मी गेल्यावर लेकीचा, संहिताचा, पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. शारदाने डाव्या हाताने कसाबसा घेतला. संहिता म्हणाली, आई, हस बघू. अर्धंच तोंड हसलं. तिने लगेच चारुलताबाईंना फोन केला. त्यांच्याकडे आमची किल्ली असते. त्या ॲम्ब्युलन्समध्ये बरोबर गेल्या.
माझा फोन बेटम्याच्या वाटेवर वाजला. संहिता विचारत होती, बाबा, आई नीट होती ते शेवटचं कधी पाहिलं? डॉक्टरांना वेळ हवी आहे, त्यावर इंजेक्शन ठरतं. मी म्हटलं, रागावली त्याच्या जरा आधी. ती ओरडली, रागावली म्हणजे? मग मी सांगितलं. झारा, पुटपुटणं, वाकडं तोंड, हात. सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं. संहिताने वेळ परत विचारली. आठच्या सुमारास, मी म्हटलं. प्रतापराव म्हणाले, भिया, गाडी वळवतो.
वेळ टळली नव्हती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. लवकर आणलं असतं तर आणखी बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, सगळ्यांना म्हणून.

११ फेब्रुवारी, मंगळवार
डॉक्टरांनी विचारलं, यांना बीपीचा त्रास होता? मी म्हटलं, नाही. चारुलताबाई शेजारीच होत्या, म्हणाल्या, होता, जानेवारीतच कळलं होतं. मशीनबद्दल काही सांगणार होतो, राहू दिलं.
मग डॉक्टर घरच्यांचंही बीपी मोजतो म्हणाले. माझं बरंच चढलेलं. गोळी घेता का? मी म्हटलं, घेत होतो. काल रात्रीच पुण्याहून आलेल्या संहिताने खाली जाऊन गोळ्या आणल्या आणि हातावर एक ठेवली. पाण्यासकट. गिळेपर्यंत उभी राहिली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
शारदा घरी आली. चालते, पण उजवा पाय जरा ओढत. हाताची बोटं वळतात, धरत नाहीत. कळतं सगळं, शब्द मात्र सापडत नाही. कपाला चमचा म्हणाली आणि स्वतःवरच चिडून रडली. मी म्हटलं, अगं, चालतं, मला कळलं. मी चमचाच आणून दिला होता. संहिताने कप दिला.
नवीन संकल्प. आता सगळं मी बघणार. व्यायाम, गोळ्या, स्वयंपाक, दोघांचं फिरणं. तंबाखू खरंच बंद, पुडी फेकली.

१ मार्च, शनिवार
मुगाची खिचडी केली. करपली. वरचा भाग चांगला होता असं माझं मत.
सकाळी शारदाला संध्याकाळच्या गोळ्या देत होतो. संहिताने हात धरला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.
फिरायला गेलो, शारदा आणि मी, गेटपर्यंत. ती दमली म्हणून परतलो. दमलो मीच होतो, पण ती खांद्याला धरून होती, तिला कळलं असेल.

९ मार्च, रविवार
उद्या संहिताला पुण्याला जायचं होतं. तिची रजा संपली, तिकीट झालं. दुपारी तिला समजावलं: निश्चिंत जा. मी आहे ना. मशीन लावता येतं, व्यायाम पाठ आहेत, थेरपीवाल्या बाई तुकोगंजातून दिवसाआड येतात. तुझ्या आईला एकोणतीस वर्षं ओळखतो, तिला काय हवं ते मला न बोलताही कळतं.
शारदा दिवाणावर बसून ऐकत होती. तिने डावा हात लांब केला आणि संहिताची बाही पकडली. तोंड हलवलं, थांबली, परत हलवलं. घाम आला तिला.
तू. जाऊ. नकोस.
तीन शब्द! ओळीने, क्रियापदासकट! महिन्याभरातली सगळ्यात मोठी प्रगती. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, शाब्बास, बाईंना फोन करून सांगतो.
दोघी माझ्याकडे बघत होत्या. मग शब्द पोचले.
संहिताने लॅपटॉप उघडून रजा वाढवली. शारदाने बाही सोडली नव्हती. मी चहा करतो म्हणून उठलो. साखर कुठे ठेवतात ते विचारावं लागलं असतं, म्हणून पुन्हा बसलो.