‘रद्दी’ नावाचं फोल्डर

३ मार्च, सोमवार. जेवणाची सुट्टी.
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.
मालक म्हणाले, नवीन दुकान काढतोय, तिथल्या कॉम्प्युटरवर कोण बसणार ते पंधरा तारखेला सांगतो. सांगायचं काय त्यात? पाट्या-बॅनरच्या या दुकानात डोकं एकालाच आहे. ते सध्या शिडी धरतं.
दुसरी उमेदवार ऑपरेटरबाई. तोंडावर ताई, मनात कासव. प्रत्येक फाइल उघडणार, वरपासून खालपर्यंत वाचणार, मग छपाईत न येणाऱ्या कोपऱ्यात ‘तपासलं’ टाइप करणार. दर शनिवारी सगळं हाताने एका डिस्कवर उतरवते आणि कपाटाला कुलूप लावते. जसे काही दागिनेच.

४ मार्च.
रोजनिशी काउंटरच्या कॉम्प्युटरवर ठेवली. ‘काम’ फोल्डर, त्याच्या आत ‘रद्दी’. फाइलचं नाव ‘औषध दुकान पाटी जुनी ७’. कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही.
अक्काला फोन. नव्या दुकानाचा कॉम्प्युटर मलाच मिळाला, असं सांगून टाकलं. म्हणाली, सातवी नापासाला? म्हटलं, कॉम्प्युटर मार्कशीट मागत नाही. अकरा दिवस आधी सांगितलं म्हणून ते खोटं होत नाही.
तिने आईला सांगितलं. म्हणजे आळीला.

६ मार्च.
रात्री खोलीवरही लिहावंसं वाटतं. म्हणून डोकं चालवलं. दुकानात सिंकची एक जोडी आधीच आहे : काउंटरचं ‘काम’ आणि मशीनरूमचं ‘काम’. इकडे बदललं की तिकडे आपोआप बदलतं. मी दुसरी जोडी लावली : ‘रद्दी’ आणि माझा मोबाइल.
सॉफ्टवेअर कुरकुरलं. म्हणे हे फोल्डर दुसऱ्या जोडीच्या आत येतंय, खात्री आहे का? आत आलं म्हणून काय झालं? मीही घरमालकाच्या घरात राहतो. त्याचं पोट दुखलं तर औषध मी घेतो काय? ‘पुन्हा विचारू नका’वर टिक केली.
कासव मागून म्हणाली, एकात एक आहेत रे, जपून. शिकवतेय मला.

१० मार्च.
मोबाइल भरला, व्हिडिओ उतरेना. ‘रद्दी’तल्या दोनशे बारा जुन्या पाट्या मोबाइलमधून उडवल्या. रोजनिशी तेवढी ठेवली. पाट्या काउंटरवर आहेतच.

११ मार्च, सकाळ.
काउंटरवर नाहीत.

११ मार्च, दुपार.
मशीनरूममध्येही नाहीत. नेमका आजच औषधवाला आला. वाऱ्याने पाटी फाटली, अगदी तशीच दुसरी हवी. मालकांनी सगळ्यांना उभं केलं. मी म्हटलं, व्हायरस. ठामपणे म्हटलं. ठामपणे बोलणाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही.
कासव कपाटाकडे वळली. पर्समधून कपाटाची किल्ली काढली.

१३ मार्च.
अजून तेच चाललंय. डिस्कवरून फाइल आणायची, उघडायची, वाचायची, तपासायची. ‘रद्दी’तली एकही सोडत नाही. मी दोन मिनिटांत उरकलं असतं. मालकांना तसं बोललोसुद्धा. ते म्हणाले, तू शिडी घे.
संशय कुणालाच नाही. नवीन दुकान माझंच.

१४ मार्च.
कासव आज औषधवाल्याच्या पाट्यांपर्यंत पोचली. संध्याकाळी माझ्याकडे बघून हसली. हरलेली माणसं अशीच हसतात. मग मालकांच्या केबिनमध्ये पाऊण तास. राजीनामा असणार. बिचारी.

१५ मार्च, शनिवार.
नवीन दुकान ताईंना.
मालक मला काढणारच होते. ताई म्हणाल्या म्हणे, राहू द्या, शिडी चांगली धरतो.
अक्काचे दोन फोन येऊन गेले. मागे आईचा आवाज असणार, म्हणून उचलले नाहीत.
लिहायला फाइल उघडली. कालच्या ‘बिचारी’च्या खाली, कोपऱ्यात दोन शब्द आहेत. मी लिहिलेले नाहीत.
‘तपासलं. कासव.’