डॉक्टरांच्या गाडीला कूलर बसवला, आबा

आबा, डॉक्टरांची ती लाल गाडी परत आली. तीच, दोन माणसांची, बुटकी विलायती, जिच्यात बसायचं म्हणजे आधी पाय आत घालायचे आणि मग उरलेला देह ओतायचा. गारगोटीहून डॉक्टर स्वतः चालवत आले. ऐंशीच्या पुढं गेलेत, कानाला यंत्र लावलंय, पण गिअर बदलताना हात अजून तसाच मऊ. गॅरेजच्या दारात उतरले, पाटीवर अजून तुमचंच नाव आहे ते बघितलं आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, "ऑइल कूलर बसवायचा हाय. घाटात तेल तापून पाण्यागत पातळ हुतंय, प्रेशर पडतंय. एकदा फोंड्याचा घाट ह्याच गाडीतनं चढून यायचं हाय मला. तुझ्या बाला ते काम झेपलं न्हवतं. तुला जमतंय काय बघ." मी म्हटलं, जमतंय की. तुमच्याबद्दलचं वाक्य नुसतं ऐकून घेतलं. वीस-बावीस वर्षं ते कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकत आलेय, त्यामुळं सवय आहे.

पण ते काम तुम्हाला झेपलं नव्हतं असं नाही, तुम्ही त्याला हातसुद्धा लावला नव्हता. ते मी केलं होतं, मीच बिघडवलं होतं, आणि तुम्ही ते स्वतःच्या अंगावर घेतलंत. त्यावरून डॉक्टरांची आणि तुमची दोस्ती तुटली, आणि ती तुटलेलीच ठेवून तुम्ही अकरा वर्षांपूर्वी निघून गेलात. आता तीच गाडी माझ्या दारात, तेच डॉक्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर, आणि तेच काम. कूलर बसवायची मला काडीची भीती नव्हती. ह्या माणसाला खरं सांगायचं की आणखी एकदा गप बसायचं, एवढाच प्रश्न होता. तो सोडवायला मला तीन दिवस लागले. कूलरला दोनच लागले.

काम कसं केलं ते सांगते, तुम्हाला त्यातच रस असणार. कूलरला तुम्ही तेलाचा रेडिएटर म्हणायचात आणि ते बरोबरच होतं: वहीएवढी एक पातळ जाळी, तिच्यातून इंजिनचं तापलेलं तेल फिरतं, समोरून वारा लागतो, तेल निवून परत आत जातं. जाळी मी पुढच्या तोंडात, पाण्याच्या रेडिएटरच्या पुढं बसवली, खाली रबर देऊन, म्हणजे खडखडायला नको. पाइपांची तोंडं वरच्या बाजूला ठेवली, आत हवा कोंडायला नको म्हणून. होजपाइप उसाच्या ट्रॉलीच्या जॅकचे पाइप करून देणाऱ्याकडून बनवून घेतले. त्याला आधी वाटलं मी ट्रॅक्टरचंच काम घेऊन आलेय. गाडी बघायला म्हणून स्वतः गॅरेजपर्यंत आला आणि तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून "ह्यात मानूस मावतंय व्हय?" असं विचारून गेला. पत्र्याला जिथं पाइप घासेल तिथं रबरी नळी चढवली. आणि मधे एक थर्मोस्टॅट घातला, म्हणजे सकाळच्या गारठ्यात तेल कूलरकडं जातच नाही, तापलं की मगच वाट उघडते. हे तेव्हा आपल्याकडं नव्हतं. सगळे नट तुम्ही दिलेल्या इंची पान्यांनी आवळले. डिप्लोमाचा निकाल लागला त्या दिवशी आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दिला होतात तो संच, आणि म्हणाला होतात, "विलायती गाडीला मिलिमीटरचा पाना लावलास तर हात मोडीन." पेढ्याच्या जागी ते मिळालं म्हणून मी दिवसभर फुगून बसले होते. आज त्या पान्यांना मी कुणाला शिवू देत नाही.

आता तो दिवस. मी तो कधी कुणाला सांगितलेला नाही, त्यामुळं कुठून धरावा ते कळत नाही. आपल्या गॅरेजची रीत होती, अजून आहे: उघडलेलं इंजिन परत पहिल्यांदा चालू करायचं ते नारळ फोडून. डॉक्टरीणबाई देवाधर्माच्या, त्यांनी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणला होता, अकरा वाजून वीस मिनिटं. तुम्ही सकाळीच गडमुडशिंगीला लग्नाला गेलता आणि जाताना मला दोन वेळा बजावलं होतं, "मी येस्तवर चालू करू नगंस. मुहूर्त टळला तर टळला." पाइप आणि जाळी जोडून झालेली, तेल भरलेलं, सगळं माझ्या हातचं. आख्ख्या बॅचमध्ये मी एकटी मुलगी, आणि आपल्या बोळातल्या प्रत्येक गॅरेजवाल्याला बघायचं होतं की मिस्त्रीची पोरगी काय करते. अकरा वाजून पंधरा मिनिटांनी माझ्याभोवती वीस-पंचवीस माणसं होती. बाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. डॉक्टर कॅमेरा घेऊन उभे. मी तुमची वाट बघितली नाही.

नारळ फुटला, मी सेल्फ मारला, इंजिन पहिल्या फटक्याला चालू झालं. टाळ्या पडल्या. डॉक्टर ओरडले, "रेस दे की पोरी, फोटू काढतोय!" मी रेस दिली. आणि समोर ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर. नवी जाळी, नवे पाइप, नवा फिल्टर, सगळं आतून कोरडं ठणठणीत होतं, पंपाला तेल ओढायला वेळ लागत होता आणि तोवर इंजिन वाळल्या घशानं पळत होतं. चालू करायच्या आधी प्लग काढून, नुसता सेल्फ फिरवून तेल सगळीकडं पोचवायचं असतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मुहूर्ताच्या गडबडीत ते राहून गेलं. राहून गेलं ते एक वेळ ठीक. पण काटा मी बघत होते, आबा. बंद कर, बंद कर, असं डोक्यात चालू होतं. आणि बंद केलं तर हे सगळे म्हणणार, पोरीला जमलं नाही, म्हणून मी पाय तसाच दाबून ठेवला आणि फोटोला हसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. बाईंनी ओवाळून ताट खाली ठेवलं, एवढा वेळ. मग खालून ठकठक यायला लागली आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी जे जाणते होते ते आधी गप झाले.

तुम्ही दुपारी लग्नाच्या कपड्यांतच आलात. कोसा फेटा, पांढरी विजार. काही न विचारता गाडीखाली शिरलात आणि विजारीची पार वाट लावलीत. बाहेर आलात तेव्हा डॉक्टर लालबुंद होऊन उभे होते, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "माझी चूक हाय डॉक्टर. मीच तिला सांगून गेलतो, मुहूर्तावर चालू कर म्हनून. पाइपात तेल भरून घ्यायचं माझ्याच ध्यानात न्हवतं." मी तिथंच होते, हातात चिंधी होती. मी हात पुसत राहिले. संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही जेवायला बसलात, आई भाकरी थापत होती, मी भिंतीला टेकून उभी. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "काटा बघितलास काय?" मी म्हटलं, "न्हाई आबा. मानसं आडवी हुती." तुम्ही "बरं" म्हणालात आणि मला बसायची खूण केलीत. थोड्या वेळानं म्हणालात, "न बघता झालं तर ती चूक. बघून झालं असतं तर तुला ह्या धंद्यात मी ठेवली नसती." आणि आईला म्हणालात, हिला वाढ.

मग तुम्ही तीन आठवडे ते इंजिन खोलून बसलात. क्रँकवर चरे पडले होते, बेरिंगचं वरचं कातडं सोलून निघालं होतं. तुम्ही सगळं नवं केलंत, मला शेजारी बसवून. कूलर काढून ठेवलात आणि डॉक्टरांना सांगितलंत की ह्या गाडीला तो मानवत नाही. डॉक्टर म्हणाले, "गाडीला मानवत न्हाई का मिस्त्रीला झेपत न्हाई, ते नीट सांग." गाडी घेऊन गेले ते परत आले नाहीत. त्याआधी दर रविवारी तुम्ही दोघं तीत बसून कसबा बावड्याकडं उसाच्या रानांतून फेरी मारून यायचात, टोपी उडू नये म्हणून एक हात डोक्यावर धरून. ते बंद झालं. पुढं बोळात सगळे म्हणायला लागले की म्हातारा नव्या गोष्टींना घाबरतो, आणि मीही त्या हसण्यात सामील झाले. गिऱ्हाइकांना सांगायचे, "आबांच्या काळात न्हवतं हे, आता मी करते." तुमच्यासमोरसुद्धा म्हटलंय. तुम्ही फक्त चहाचा कप खाली ठेवला होतात. मला आज त्याची लाज वाटते, आणि ती थोडीथोडकी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं जोडून तयार होतं. डॉक्टर खुर्चीवर, पिशवीत नारळ. मी बॉनेट उघडून चारी प्लग काढायला घेतले तशी ते म्हणाले, "आता आनि हे काय करालीस?" मी म्हटलं, "प्लग काढले की इंजिन पेटत न्हाई, नुसतं फिरतंय. तेल आधी सगळीकडं पोचूद्या. मग चालू करायचं, मग नारळ." सेल्फ मारला. घर्र, घर्र, थांबून परत घर्र. चौथ्या वेळेला काटा हलला आणि वर सरकला. डॉक्टर वाकून बघत होते. म्हणाले, "एवढंसंच काम हुतं, आनि तुझ्या बानं ते इसरावं?"

तेव्हा मी हातातला प्लग खाली ठेवला आणि सांगून टाकलं. आबा विसरले नव्हते, आबा इथं नव्हतेच. मला थांब म्हणून सांगून गेले होते, मी थांबले नाही. आणि डॉक्टर, काटा शून्यावर होता तो तुम्ही फोटो काढताना मी बघत होते. डॉक्टरांनी कानातलं यंत्र चाचपलं, जणू त्याचाच काही घोटाळा असावा. मग गाडीकडं बघत म्हणाले, "त्याच्या मातीला आलो न्हाई मी. गारगोटीत असून आलो न्हाई. म्हटलं, खोटं बोलला मानूस, कूलरवर ढकललं." मी म्हटलं, "खोटं बोलले की. पण माझ्यासाठी." मी प्लग परत बसवले, इंजिन चालू केलं, ते मांजरासारखं गुरगुरायला लागलं, आणि डॉक्टरांनी उठून आपल्या हातानं नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा आधी पाटीखाली ठेवला, तुमच्या नावाखाली, मग मला दिला. आत बसताना म्हणाले, "गाडी तुझ्याच हातची चालवनार मी. पन तुझ्यासंगं बोलायला मला जरा टाइम लागंल."

लागू दे. ते घाट चढून आले, हे मला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. तेल कुठं ठिपकलेलं नाही, इंजिन गार. काम चोख झालंय, तुम्ही बोट लावून बघितलं असतंत तरी काही सापडलं नसतं. बोळातल्या दोघातिघांनाही मी परवा चहा पिताना खरं काय ते सांगितलं. एकानं "मग बोलली का न्हाईस इतकी वर्षं?" असं विचारलं, तेव्हा मी चहाचे पैसे द्यायला उठले. आता पुन्हा कुणी तुमच्याबद्दल ते वाक्य म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही, एवढं मी करू शकते.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, तुमच्या फोटोच्या फ्रेमखाली ठेवायचा नाही, लिहून झाला की फाडणार आहे, म्हणून शेवटचं पण लिहिते. डॉक्टरांना ते सांगून उपयोग नव्हता, ते तुमचं आहे. तुम्ही गेलात त्या सकाळी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडत होते. ते रडणं खरं होतं, आबा, तेवढं खरं मी परत कधी रडले नाही. पण त्या रडण्याच्या मधोमध एक क्षण मला एकदम सुटल्यासारखं झालं. मनात आलं, आता आबांना कधीच कळणार नाही की मी बघितलं होतं.