पलटणीतला आचारी

ती. ताईंना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलंय आणि तुम्ही गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालता, हे मला कळलं आहे (सुनेला रागावू नका, मीच खोदून खोदून विचारलं). इकडे ठीक. दुकान चालू आहे. हे जाऊन दोन वर्षं झाली, तरी शटर ओढताना "हात सांभाळा" असं मी अजून म्हणते. गिऱ्हाइकांना वाटतं, बाई किती काळजी घेते.

खेळण्यांची पेटी अजून का पाठवली नाही, ते सांगायला हे पत्र. त्यातली अर्धी पलटण तुमची आहे आणि तुमचा भाऊ ती न विचारता इकडे घेऊन आला, हे मला मान्य आहे. पेटी माळ्यावरून काढली तेव्हा लगेच बांधून पाठवायचीच होती. फक्त त्याआधी एक गोष्ट बघायची होती. तुम्हाला आठवत असेल, प्रत्येक शिपायाच्या खोक्यात एक चित्रांची पुस्तिका यायची आणि तिच्यात पलटणीच्या गोष्टीचा पुढचा भाग असायचा. ती गोष्ट ह्यांनी काजं करता करता मला पंचवीस वर्षं सांगितली. शेवटी अंथरुणावर होते तेव्हा पलटणीचा आचारी मिठासाठी सातव्या टेकडीपलीकडे एकटाच गेला होता. पुढचं उद्या सांगतो म्हणाले. मी म्हटलं, बरं, मलाही अकरा ब्लाउज द्यायचेत. तर तो आचारी परतला की नाही, एवढंच मला पुस्तिकेत बघायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं पेटी घरात होती, तेव्हा का नाही वाचलंस? ताई, मी चौथीत शाळा सोडलेली बाई. पुढचं वाचन दुकानांच्या पाट्या आणि रद्दीचे कागद यांवर स्वतःच शिकले, आणि असं शिकलेल्या माणसाला फार गर्व असतो. वाचनालयातून मी जाडजूड कादंबऱ्या आणायची. चित्रांच्या पुस्तिकेला हात लावणं मला कमीपणाचं वाटायचं. त्यातून ग्रंथपालबाईंना मी ठणकावून सांगत आले की, तुमच्या कादंबऱ्यांतलं एकही माणूस आमच्या आचाऱ्याच्या पासंगाला पुरणार नाही.

तर दुबार आलेल्या आठ बाजूला ठेवून बावीसच्या बावीस पुस्तिका वाचल्या. ताई, इतकं गचाळ लिखाण मी रद्दीतही वाचलं नव्हतं. सेनापती नवव्या भागात कड्यावरून पडून मरतो आणि दहाव्यात नवी टोपी घालून उभा (टोपी वेगळी विकत मिळायची म्हणे). तो कसा आला, हे कुणीच विचारत नाही. पलटणीत एकही बाईमाणूस नाही, त्यामुळे विचारायचं सुचत नसावं. घोडा पाचव्या पानावर पांढरा, सहाव्यावर तपकिरी. मी मात्र पेन्सिल घेऊन चुका काढत बसले, जणू सेनापती उत्तर द्यायला येणार होता.

पानं चुरगळली होती म्हणून इस्त्री करायला घेतली. (कापडाला चालतं ते कागदाला चालतं, अशी माझी समजूत.) खाली वकीलसाहेबांचा पांढरा सदरा पसरलेला होता. नवव्या भागाचं मुखपृष्ठ त्यावर अलगद उतरलं आणि घडी घालताना मला दिसलंही नाही. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब दुकानात आले, कोट काढला, पाठ फिरवली आणि म्हणाले, "बाई, या मिशा कुणाच्या?" मी म्हटलं, "सेनापतींच्या. वारलेत ते, पण पुढच्या भागात येतील." नवा सदरा शिवून दिला. ते अजून दुकानात शिरण्याआधी इस्त्रीकडे बघतात.

आणि आचारी? बावीस पुस्तिकांत त्याला एकच वाक्य आहे. तेराव्या भागात तो म्हणतो, "जेवण तयार आहे." मी तीनदा पानं उलटली, चिकटलेली असतील म्हणून वाफेवर धरली. मीठ नाही, टेकडी नाही, शत्रूच्या नगारेवाल्याशी त्यानं गुपचूप जमवलेली दोस्ती नाही. पंचवीस वर्षं तुमचा भाऊ मला सरळ थापा मारत होता आणि मी, कादंबऱ्यांतल्या चुका काढणारी, सुई धरून ऐकत होते. असो. एका प्लास्टिकच्या आचाऱ्यासाठी महिना घालवणं या वयाला शोभत नाही. पेटी उद्या नक्की पाठवते.

तुमची,
भावजय

ता. क. पेटीत शिपाई एकोणतीस निघतील. यादीत तीस आहेत. आचारी शोधू नका, तो कात्रीच्या खणात आहे आणि तिथेच राहणार.

ता. क. २. लहानपणी तुम्ही दोघं एकत्र खेळायचात. आचाऱ्याची गोष्ट त्यांनी तुम्हालाही सांगितली असेल. तो टेकडीपलीकडून परत आला का, ते उलट टपाली कळवा. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहिलं, गुडघ्याचं मला सूनबाई कळवतेच.

ता. क. ३. तुम्हालाही ठाऊक नसेल, तर तसं लिहू नका. त्याला यायला वेळ लागेल, एवढंच लिहा.