धुरपतामावशीची ओळ

३ मार्च २०१६

मुंबईहून फोन! मालिकेत दुष्काळाचा प्रसंग आहे, त्यांना धुरपतामावशीचं विहिरीचं गाणं पायजे. कॅसेट अप्पांनी काढलेली, म्हणून हक्क आमच्याकडं. शेवटी पडद्यावर नाव येणार — माणिकप्पा कॅसेट्स, अहमदपूर! त्याच दुकानात आता मी मोबाइलची कव्हरं विकायलोय. अप्पा असते तर गावभर पेढे वाटले असते.

७ मार्च

मावशीकडं गेलो. टँकर आला नव्हता, तरी तिनं चहा टाकला. "घिऊ दे की गानं. पन मल्लू, माझ्या एकटीचं न्हाई ते. विहीर आमाला खुली झाली तवा माझ्या मायनं रचलं. जयंतीला पयली ओळ मी म्हन्ते, दुसरी सारी वस्ती. आइतवारी विहारात समद्यास्नी इचारते."

मला रविवारपर्यंत दम कुठला! म्हणालो, शब्दाला धक्का लागणार नाही, माझ्यावर सोड. तिनं सोडलं.

९ मार्च

मालिकेच्या मॅडमचा फोन. "गाणं छान आहे हो, पण जरा भांडखोर वाटतं. आमची नायिका पाणी वाटते ना!"

मावशी म्हणते, "उन्हाळा मोठा, विहीर खोल", आणि वस्ती म्हणते, "दोर आमच्या हाती!" त्यांना दुसरी ओळ हवी — "घोट द्या हो हाती." चालेल ना? दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. चालेल, म्हणालो. कुणाला विचारून?

२ एप्रिल

वस्तीनं टीव्ही विहाराच्या ओसरीवर मांडला. मला पुढं खुर्ची!

नायिका तांब्या उंच धरून वरून पाणी ओतते. माणसं खाली उकिडवी, ओंजळ पुढं करून. आणि त्यावर ते गाणं. एक म्हातारा उठून गेला. सटवाजी, मावशीचा पोरगा, भडकला — "कुनी बदललं हे?"

"मुंबईवाल्यांनी," मावशी म्हणाली. "ह्या लेकराला काय म्हाईत?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. चक्क हलवली! शेवटी अप्पांचं नाव आलं, बारीक अक्षरात. मी खाली बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३ एप्रिल

सांगायला निघालो होतो. बसस्टँडवरून परत आलो.

८ एप्रिल

नवा जिल्हा उदगीरचा की अहमदपूरचा, यावर दुकानासमोर लोक भांडायलेत. लातूरला म्हणे रेल्वेनं पाणी येणार. माझं कशात लक्ष नाही. मावशीचा फोन — "जयंतीला ये रे. तुझ्याबिगर कसं व्हईल?" थू माझ्या जिंदगानीवर!

१४ एप्रिल

मिरवणूक कोरड्या विहिरीपाशी थांबली. मावशीनं ओळ उचलली. लेकरांनी नाचत, जोरात उत्तर दिलं — "घोट द्या हो हाती!"

मावशीनं लेकरांना हातानं थांबवलं. मग माईक माझ्या हातात दिला. "मल्लू, तू सांग ह्यांना खरी ओळ."

मी म्हटली. टाळ्या पडल्या. मावशीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बघा रे, ह्यानं आपलं गानं राखलं."

मी माईक परत दिला.