चौघांसाठी हवेची बोट

२४ मे
यार्क्कोला बोट हवी आहे. "तू इंजिनिअर ना? मग निवड तूच. बुडाली तर तुझ्या नावाने खडे फोडता येतील!" असा माझा भाऊ. माणसं चार — तो, त्याची बायको रीक्का, त्यांचा सहा वर्षांचा एल्मेरी आणि आई. रस्त्यापासून तळ्याकाठच्या घरापर्यंत चारशे मीटर जंगलातली पायवाट. खांद्यावरून नेता आली पाहिजे.

जुनी लाकडी होडी आता नाही. गेल्या वर्षी मध्य-उन्हाळ्याच्या सणाला यार्क्कोने ती उलटवली. प्यायलेला होता. एल्मेरीला पाण्यातून मी काढलं. त्याच संध्याकाळी आईने होडी सणाच्या शेकोटीवर चढवली. जुन्या होड्या सगळेच जाळतात. कोणी काही विचारलं नाही.

३१ मे
हवेच्या दोन बोटी बाद. पहिलीला हवेचा एकच कप्पा — ते खेळणं आहे. दुसरीचे सांधे कच्चे.
तिसरी घेतली. तीन स्वतंत्र कप्पे, तळ वेगळा, भोवती धरायला दोर. एकोणीस किलो.

७ जून
आमच्या प्रयोगशाळेच्या हौदात तपासली. चोवीस तासांत दाब दोन टक्के उतरला. ठीक. मग तीनशे किलो वाळूची पोती ठेवून पुढच्या कप्प्यातली हवा सोडली. बोट वाकली — तरंगत राहिली.
शेजारच्या टेबलावरचा पेंट्टी म्हणाला, "बोट पास. नावाडी?"


१४ जून
यार्क्को बोट न्यायला आला. वजन उतरलंय. हात स्थिर होते. पण सकाळ होती. सकाळी तो नेहमीच चांगला असतो.
"या खेपेला बोटीत उभा राहून लघवी करणार नाही, शपथ! पँटची चेन उघडी असलेला मुडदा व्हायचं नाही मला."
मी हसले नाही. त्याला समजावलं : उन्हात फुगवलेली बोट गार पाण्यात मऊ पडते, दहा मिनिटांनी पुन्हा पंप मारायचा. त्याने नीट ऐकून घेतलं.

तो वल्ही गाडीत ठेवायला गेला तेव्हा मी पंपाच्या नळीचं तोंड काढून घेतलं. दुसरं कुठलं बसत नाही. शुक्रवारी मी तिथे पोचेन, तेव्हा बसवेन. मी असेन तेव्हाच बोट पाण्यात.
त्याला सांगितलं नाही. सांगितलं की भांडण. भांडण झालं की तो पितो.

१७ जून
यार्क्कोचा फोन. "काय गं इन्स्पेक्टर, नळीचं तोंड कुठंय? एल्मेरी सकाळपासून लाइफ जॅकेट घालून काठावर बसलाय!"
"बॅगेत असेल. नीट बघ."
"तीनदा उलटी केली बॅग. नळीच टेपने चिकटवून पाहिली. हवा राहत नाही."
"मी आले की बघू."
तो उगाचच हसला. काहीतरी सांगायला लागला, अडखळला. "राहू दे. शुक्रवारीच बोलू."
प्यायलेला आहे. बरं झालं काढून घेतलं.

१८ जून
दुपारी आईचा फोन. यार्क्को पाण्यात गेला. वर आला नाही.

२० जून
रीक्काने सांगितलं ते असं. बोट फुगेना म्हणून एल्मेरीला शेजाऱ्यांची हवेची गादी दिली. ती तोंडाने फुगते. वारा काठाकडून होता. गादी त्याच्यासकट दीडशे मीटर आत गेली. शेजारी त्यांची होडी घेऊन पलीकडच्या काठाला होते. यार्क्को पोहत निघाला. पाणी तेरा अंश. गादीपर्यंत पोचला, तिला वळवलं, निम्म्या वाटेपर्यंत ढकलत आणलं.
मग गादीमागे कोणी नव्हतं.
एल्मेरीला शेजाऱ्यांनी होडीत घेतलं. अंगात जॅकेट होतं. तो बरा आहे. यार्क्को पाणबुड्यांना काल सापडला, सात मीटर खोल.
मी पोचले तेव्हा बोट गवतावर पसरलेली होती. सपाट.

२२ जून
सोमवारच्या पेपरात दरवर्षीप्रमाणे आकडा : सणात बुडालेले सहा. यार्क्को त्यात नाही. तो एक दिवस आधी गेला.

४ जुलै
दफन. नंतर कॉफी. मामा म्हणाला, "प्यायला असणार. आपल्याकडचे पुरुष दुसऱ्या कशाने बुडतात?" आई कपात बघत राहिली.
रीक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "कंपनीने ते तोंड घातलंच नव्हतं. बोट असती तर दोन मिनिटांत पोचला असता. मला तक्रार करायची आहे. तू लिही — तुला नेमकं लिहिता येतं."
हो म्हणाले.

१० जुलै
तक्रारीची दोन वाक्यं झाली. पुढे जमत नाही. ते तोंड टेबलाच्या खणात आहे. एकतीस ग्रॅम. वजन का केलं, माहीत नाही.

२ सप्टेंबर
शवतपासणीचा अहवाल आला. रक्तात अल्कोहोल — शून्य.
रीक्का म्हणाली, "ते मला माहीतच होतं. फेब्रुवारीपासून थेंब नाही. तुला शुक्रवारी सांगणार होता. म्हणायचा, आधी नको, तिला एकदम समोरच दाखवू — नाहीतर ती मला हौदात घालून तपासेल!"