वासर म्हणजे पाणी

वडवणी, सोमवार, संध्याकाळ

आज मी आईवर ओरडले. तेही टँकरच्या रांगेत, सगळ्या बायकांसमोर.

नर्स म्हणून जर्मनीला जायचं, तर आधी जर्मन यायला हवी. क्लासच्या मॅडम म्हणाल्या होत्या, नुसतं पाठ करू नका, रोज कुणाला तरी शिकवा, म्हणजे शब्द डोक्यात राहतील. घरात आईच मोकळी. दुष्काळात गाय चारा छावणीत गेली, गावातली दूध सोसायटी बंद पडली, तिचं पहाटेचं कामच संपलं. म्हणून महिनाभर तिलाच शिकवतेय. पाण्याला तिकडे ‘वासर’ म्हणतात, हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “लई सोपं हाय. वासरू दिसलं की पाणी आठवायचं.” तो शब्द मलाही तिच्यामुळेच पक्का बसला.

आज टँकर दिसताच ती हंडा उचलून मोठ्यानं म्हणाली, “वासर आलं गं.” बायका हसल्या. मला लाज वाटली. “तुला काय करायचंय हे? परीक्षा माझी आहे,” असं बोलून गेले. लाज तिची वाटली मला. आईची. कसं बोलले मी?

ती हंडा भरून घराकडे निघाली. घरी आल्यावर मीच विचारलं, “रागावलीस का?”

“न्हाई गं. तू तिकडं गेल्यावर तुजा फोन दुसऱ्याच कुणी उचलला, तर माजी पोरगी बरी हाय का, एवढं इचारता आलं पायजे. त्याच्यासाठी शिकत व्हते.”

महिनाभरात तेवढं एक वाक्य मी तिला शिकवलं नव्हतं.